रविवार-बुधवारच्या गोळीमागचा रसायनशास्त्रज्ञ

'छाया' गोळ्यांचं पाकीट हातात देताना आरोग्य केंद्रातल्या सिस्टर आधी वार समजावतात. पहिली गोळी रविवारी घेतली, तर दुसरी बुधवारी. तीन महिने असं आठवड्यातून दोनदा, मग फक्त रविवारी एक. गर्भनिरोधक गोळी म्हटलं की रोजची, हे डोक्यात इतकं पक्कं असतं की बायका पुन्हा विचारून खात्री करतात.

या गोळीतलं औषध सेंटक्रोमॅन. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत, म्हणजे सीडीआरआयमध्ये ते तयार झालं. नावातलं 'क्रोमॅन' हा रेणूचा सांगाडा. ते ज्यांच्या नेतृत्वाखाली घडलं, ते डॉ. नित्या आनंद 27 जानेवारी 2024 रोजी, वयाच्या 99 व्या वर्षी गेले.

जन्म लायलपूरचा (आजचं पाकिस्तानातलं फैसलाबाद), पण पीएचडी मुंबईची. यूडीसीटी या रासायनिक तंत्रज्ञानाच्या संस्थेत (आजच्या आयसीटीत) के. वेंकटरामन त्यांचे मार्गदर्शक होते. वेंकटरामन रंगद्रव्यांचे मोठे अभ्यासक, पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे (एनसीएल) पहिले भारतीय संचालक. रंगांकडून औषधांकडे जाणारी वाट तशी जुनीच. जिवाणूंवरच्या सल्फा औषधांपैकी पहिलं, प्रॉन्टोसिल, हा मुळात रंगच होता. मुंबईनंतर केंब्रिजला रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर टॉड यांच्याकडे दुसरी पीएचडी झाली. 1951 मध्ये गोमतीकाठच्या छत्तर मंझिल या नवाबी महालात सीडीआरआय सुरू झाली, तेव्हापासून ते तिथेच.

मध्ये काही काळ ते हार्वर्डला होते. स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक जिवाणूच्या पेशीआवरणाला इजा करतं, हे बर्नार्ड डेव्हिस यांच्यासोबतचं काम 1960 मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आलं. रसायनशास्त्रज्ञाने जीवशास्त्रात इतकं आत शिरणं तेव्हा आपल्याकडे सर्रास नव्हतं. मला त्यांच्या पुढच्या कामाची किल्ली इथेच दिसते.

सेंटक्रोमॅन स्टेरॉइड नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा. नेहमीच्या गोळीतली हार्मोन्स स्टेरॉइड असतात आणि स्त्रीबीज बाहेर पडणं थांबवतात. हे औषध गर्भाशयात इस्ट्रोजेनचं काम अडवतं, त्यामुळे फलित बीज तिथे रुजत नाही. शरीरातून त्याचा निम्मा भाग बाहेर पडायला साधारण आठवडा लागतो, म्हणून रोज गोळी नको. अणूंचा कोणता गट रेणूवर कुठे बसवला की परिणाम वाढतो, याचा हिशेब सुप्रभात रे, व्ही. पी. कंबोज आणि इतर सहकाऱ्यांसह 1976 मध्ये 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'त छापून आला. निबंधाच्या शीर्षकात 12 हा आकडा आहे, म्हणजे गर्भरोधक रेणूंवरच्या त्या मालिकेतला तो बारावा.

त्यांच्या नावावर 400 च्या आसपास शोधनिबंध, शंभराहून जास्त पेटंटं आणि हाताखालून पीएचडी झालेले कितीतरी विद्यार्थी आहेत. शिवाय सेंद्रिय संश्लेषणावरचं पुस्तक वेगळंच. पण निबंधाचा इतरांनी किती वेळा संदर्भ दिला, ही औषधनिर्मितीत मापाची अनेकांपैकी फक्त एक पट्टी. पेटंटचं मोल त्या पट्टीवर नीट उमटत नाही, आणि गोळी घेणारी बाई कुणाचा संदर्भ देत नाही.

वेळही फार लागतो. प्राणी, मग माणसं, मग परवानगी. 1974 ते 1984 ते संस्थेचे संचालक होते. 'सहेली' या नावाने गोळी बाजारात आली ती 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला, म्हणजे त्यांच्या निवृत्तीनंतर. 2016 मध्ये सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमात ती 'छाया' म्हणून घेतली गेली, तेव्हा ते 91 वर्षांचे होते.