कमानपाट्यांची कुरकुर आणि बुश बदलणे

कमानपाटा ही पोलादी पट्ट्या एकावर एक रचून केलेली, दोन्ही टोकांकडे वर उचलत गेलेली स्प्रिंग आहे. पिकअप, टेम्पो आणि ट्रक यांच्या मागच्या एक्सलवर आजही बहुतेक ठिकाणी तीच दिसते. गॅरेजात तिला नुसते ‘पाटे’ म्हणतात. ‘पाटा तुटला’ या दोन शब्दांत घाटात थांबलेल्या गाडीची सगळी हकिगत येते. पाटे कुरकुरणे आणि त्यांचे बुश, म्हणजे पाटे गाडीला जोडणाऱ्या पिनभोवतीचे रबरी किंवा धातूचे अस्तर, झिजणे या दोन नेहमीच्या तक्रारी. गाडीत बसलेल्याला त्या एकच वाटतात, पण त्यांची जागा वेगळी आणि उपायही वेगळा.

घोडागाड्यांना अशा स्प्रिंगा बसवण्याचे पेटंट इंग्लंडमधल्या ओबाडाया इलियट याने १८०४ च्या सुमारास घेतले. पुढे बग्ग्या आणि टांगे पाट्यांवर चालले आणि मोटारगाडीनेही तेच उचलले. प्रवासी मोटारींतून पाटे जवळजवळ गेले, पण मालवाहू गाडीत टिकले, कारण एकाच वस्तूत तीन कामे होतात: पाटे भार पेलतात, एक्सलला जागेवर धरून ठेवतात आणि थोडा धक्काही जिरवतात. १९८६ साली आलेल्या टाटा ४०७ ला पुढेमागे पाटेच होते. पुण्यात तयार होऊन २००५ मध्ये बाजारात आलेल्या टाटा एसलाही दोन्हीकडे पाटेच होते.

सर्वांत वरचा तो मेन पाटा. त्याची टोके गोल वळवून डोळे केलेले असतात. त्याखालचे पाटे क्रमाने आखूड होत जातात. मधोमध सेंटर बोल्ट सगळ्यांना ओवतो आणि दोन यू बोल्ट त्यांना एक्सलवर आवळून धरतात. पुढचा डोळा चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, ब्रॅकेटला पिनने जोडलेला असतो, मागचा शॅकल नावाच्या झुलत्या दुव्याला. शॅकल हलता ठेवावा लागतो, कारण माल भरला की कमान सपाट होते आणि दोन डोळ्यांमधले अंतर वाढते. अनेक पिकअपमध्ये एका बाजूला बुशाच्या तीन जागा असतात: पुढचा डोळा, मागचा डोळा आणि शॅकल चेसिसला टांगलेला असतो ते भोक.

पाटे वाकताना एकमेकांवर घासतात, आणि हे घासणे हा दोष नाही. त्यातूनच उसळी थोडी दबते. आवाज होतो तो घासणे सलग न राहता अडत-सुटत होऊ लागले की. सारंगीचा गज तारेला असाच धरतो आणि सोडतो, म्हणून तार वाजते. पाट्यांच्या फटीत गंज, धूळ आणि चिखल बसला की तेच घडते. आवाज बहुतेकदा टोकाशी असतो, कारण प्रत्येक पाट्याचे टोक वरच्या पाट्यावर सर्वांत जोरात दाबलेले असते. त्यासाठी काही पाट्यांच्या टोकांशी प्लास्टिकच्या चकत्या बसवतात. त्या झिजून गेल्या की लोखंड लोखंडावर येते. कोकणात खाऱ्या हवेत मासळी वाहणाऱ्या गाडीचे पाटे देशावरच्या गाडीपेक्षा लवकर गंजतात. पॅराबोलिक पाटे मात्र कमी कुरकुरतात. ते संख्येने थोडे असतात, मध्ये जाड आणि टोकांकडे पातळ होत जातात, आणि मधला भाग व टोके सोडली तर एकमेकांना टेकत नाहीत.

आवाज नेमका कुठून येतो हे शोधणे हेच या कामातले खरे कसब आहे, आणि घाईत तेच वगळले जाते. एकाने मागच्या फाळक्यावर भार देऊन गाडी हलवावी आणि दुसऱ्याने बाजूला बसून कान द्यावा. मग एका वेळी एकाच जागी पाणी मारावे: आधी पुढच्या डोळ्यावर, मग शॅकलवर, मग पाट्यांच्या टोकांवर. ज्या जागी पाणी पडताच आवाज थांबतो किंवा बदलतो, तीच जागा. बारीक, लांबलेली कुरकुर बहुधा पाट्यांची किंवा कोरड्या रबराची असते. खड्ड्यातून जाताना किंवा गिअर पडताना ‘खट्’ असा एकच ठोका आला तर संशय बुशावर घ्यावा. टॉमी (लोखंडी पहार) घालून डोळा हलवून पाहिला की झिजलेल्या बुशात पिन उघड खेळताना दिसते. रबर एका बाजूने चेपलेले किंवा भेगाळलेले असते.

आपल्याकडचा जुना उपाय म्हणजे पाट्यांवर जळके ऑइल ओतणे. त्यामागे बैलगाडीच्या आसाला वंगण घालण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे आणि आवाजही चार दिवस खरोखरच जातो. तरीही तो करू नये. ऑइलाला धूळ चिकटते आणि फटीत पॉलिश कागदासारखा लगदा तयार होतो. रबरी बुशावर ऑइल गेले की रबर फुगते आणि मऊ पडते. ओघळ ब्रेक लायनरपर्यंत पोहोचला तर भरल्या गाडीला ब्रेकच लागत नाहीत. योग्य काम वेळखाऊ आहे: पाटे सोडवायचे, तारेच्या ब्रशने घासायचे, प्रत्येकाला तडा आहे का ते पाहायचे, ग्रॅफाइटचा हलका हात द्यायचा, चकत्या नव्या घालायच्या आणि जुळणी करायची. तडे बहुधा सेंटर बोल्टच्या भोकाशी किंवा मेन पाट्याच्या डोळ्याजवळ सापडतात. तडा गेलेल्या पाट्याला वेल्डिंग करणे म्हणजे तो पुन्हा तुटणार हे ठरवणे, कारण त्या उष्णतेने पोलादाला दिलेले पाणी उतरते.

सेंटर बोल्ट सोडताना पाटे शिकंजात धरलेले असले पाहिजेत. प्रत्येक पाट्याची कमान थोडी वेगळी असल्याने ते एकमेकांवर ताणून बसवलेले असतात आणि नट निघताच उसळतात. त्याआधी, चेसिस भक्कम लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) टेकवावी, एक्सलखाली वेगळा जॅक द्यावा आणि पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये. एक्सल खाली सोडताना ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, हेही पाहावे.

बुश तीन तऱ्हेचे असतात. दोन अर्ध्या तुकड्यांचा रबरी बुश दोन्ही बाजूंनी हातानेही ढकलता येतो. सायलेंट ब्लॉक प्रकारात रबर आतल्या आणि बाहेरच्या लोखंडी नळीला चिकटवलेले असते. तो प्रेसने काढावा लागतो. प्रेस नसेल तर लांब बोल्ट, जाड वॉशर आणि बाहेर पाइपाचा तुकडा लावून नट आवळत तो ओढून काढतात. बाहेरची नळी गंजून डोळ्यातच बसली असेल तर हॅकसॉच्या पात्याने तिला आतून चीर द्यावी, पण डोळ्याला पात्याचा ओरखडा लागू देऊ नये. तिथूनच पुढे तडा जातो. रबर गॅसने जाळून काढण्याची पद्धत वेळ वाचवते, पण तिच्या धुराने छाती भरते आणि डोळ्याचे पोलाद नरम पडते. तिसरा प्रकार जड ट्रकांमधला: धातूचा बुश आणि त्याच्या पिनला ग्रीस निपल, म्हणजे ग्रीस भरायचे तोंड. तिथे ग्रीस हवेच, आणि ते वेळच्या वेळी भरले नाही तर पिन आणि बुश दोन्ही जातात. रबराला मात्र साधे ग्रीस चालत नाही. बसवताना साबणाचे पाणी किंवा सिलिकॉन ग्रीस वापरतात. पॉलियुरेथेनचे बुश जास्त टिकतात, पण पिनवर फिरत असल्याने सिलिकॉन ग्रीसशिवाय तेच कुरकुरू लागतात, आणि खड्ड्यांचा धक्काही चेसिसला जास्त जाणवतो.

सर्वांत जास्त चूक होते ती शेवटच्या आवळणीत. सायलेंट ब्लॉकमधले रबर पिनवर फिरत नाही, ते पिळवटते. गाडी हवेत लटकत असतानाच बोल्ट पक्के आवळले तर रबर त्या स्थितीला अडकते. मग गाडी जमिनीवर आली की ते कायमचे पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते. नवा बुश लवकर गेला म्हणून मालक दुकानदाराला बोल लावतो, पण दोष बहुधा आवळणीचा असतो. म्हणून डोळ्यांचे आणि शॅकलचे बोल्ट आधी हातानेच हलके आवळून गाडी चाकांवर उतरवावी, मागून दोनदा दाबून बसू द्यावी आणि मगच कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने आवळावे.

यू बोल्ट आवळताना ताणले जातात, त्यामुळे काढल्यावर नवेच घालणे चांगले. चारही नट फुलीच्या क्रमाने, थोडे-थोडे करत आवळायचे असतात. ते ढिले राहिले की पाटे एक्सलवर सरकतात, सेंटर बोल्ट कापला जातो आणि मागचा एक्सल एका बाजूने मागे जातो. रस्त्यावर अशी गाडी तिरकी चालताना मागून येणाऱ्यालाही दिसते. म्हणून जुळणीनंतर दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर टेपने मोजतात. पुढची चाके सरळ असूनही मापे जुळली नाहीत, तर बहुधा सेंटर बोल्टचे डोके एक्सलवरच्या खाचेत बसलेले नसते. काही शे किलोमीटर चालल्यावर यू बोल्ट पुन्हा एकदा तपासून आवळतात, तेही गाडी चाकांवर उभी असतानाच.