तळघराचा जिना (वऱ्हाडी वाड्यातील)

जुन्या घराच्या जोत्याखालील खोलीत उतरण्याचा, बहुधा दगडी किंवा सागवानी, अरुंद व उभ्या चढाचा जिना. विदर्भाच्या ग्रामीण भागात तो मुख्यतः वऱ्हाडातील देशमुखी आणि सावकारी वाड्यांत आढळतो. पावसाळ्यात फुगणारी व उन्हाळ्यात भेगाळणारी काळी जमीन तळघराच्या भिंतींना मानवत नाही. त्यामुळे ही तळघरे प्रायः गावठाणाच्या पांढरीतच (गाव वसलेल्या पांढऱ्या मातीच्या जमिनीतच) खोदलेली दिसतात.

ही तळघरे कशासाठी बांधली गेली, याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक त्यांचा संबंध अठराव्या शतकाच्या अखेरीपासून 1817–18 च्या मोहिमेपर्यंत चाललेल्या पेंढाऱ्यांच्या उपद्रवाशी जोडतात. काहींच्या मते ती धान्यकोठारे होत, तर काही जण उन्हाळ्यातील गारव्यावर भर देतात. यांपैकी धान्यकोठाराचे मत सरसकट स्वीकारणे कठीण वाटते, कारण ज्वारीसाठी वरून भरण्याचे पेव (धान्य साठवण्याचा जमिनीतील खड्डा) स्वतंत्रपणे असेच, आणि दोन फुटांहून कमी रुंदीच्या, फळीच्या झाकणाखाली दडवलेल्या जिन्यावरून पाठीवर पोते घेऊन उतरणे जवळजवळ अशक्य आहे. असे जिने दागिने व दस्तऐवज राखण्यासाठी असावेत. जोत्यात झरोके असलेल्या तळघरांचे रुंद जिने मात्र वावरण्यासाठी असण्याचा संभव अधिक. त्यांतील काही 1861–65 च्या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात कापसाला आलेल्या तेजीनंतरचे असू शकतील.

असा जिना सुरक्षित करताना पहिला प्रश्न चढाचा येतो. फ्रेंच वास्तुविद फ्रांस्वा ब्लाँदेल यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मांडलेल्या सूत्रानुसार पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक पाऊल टेकण्याची खोली ही बेरीज 24 इंच असावी. हे इंच जुने फ्रेंच, म्हणजे सुमारे 2.7 सेंमी.चे असल्याने बेरीज 65 सेंमी. होते, इंग्रजी इंच धरल्यास ती 61 सेंमी. भरते. आज 60 ते 65 सेंमी. ही मर्यादा सामान्यतः मानतात. राष्ट्रीय इमारत संहितेत (2016) निवासी जिन्यासाठी पायरीची उंची जास्तीत जास्त 19 सेंमी. व खोली किमान 25 सेंमी. सांगितली आहे, त्यांची या सूत्राने बेरीज 63 येते. पायरी 25 सेंमी. उंच आणि 18 सेंमी. खोल असेल, तर ती 68 वर जाते आणि उतरताना टाच मागे अडते.

अडचण चढ कमी केल्यावर सुरू होते. तळघराच्या जमिनीपासून वरच्या जमिनीपर्यंत 2.28 मी. अंतर असल्यास 19 सेंमी. उंचीचे 12 टप्पे आणि त्यांमधील 11 पायऱ्यांसाठी 2.75 मी. लांबी लागते, सुमारे 25 सेंमी.च्या 9 टप्प्यांच्या जुन्या जिन्याला 1.44 मी. पुरत असे. वरचे तोंड तेवढेच ठेवून चढ सौम्य केला, तर 30 सेंमी. जाडीच्या कडीपाटाखाली (लाकडी कड्या व त्यांवरील फळ्यांच्या छताखाली) पायऱ्यांच्या कडा जोडणाऱ्या रेषेपासून जेमतेम 80 सेंमी. मोकळी उंची उरते. म्हणून तोंड लांबवणे हाच खरा उपाय होय. त्यासाठी जिना कड्यांना समांतर घेतल्यास एकदोनच कड्या तोडाव्या लागतात व त्यांची टोके आडव्या कडीवर पेलता येतात. कड्या पेलणाऱ्या मुख्य तुळईला मात्र हात लावू नये. जमीन खोल करून उंची मिळवण्याचा मोह गवंड्यांना होतो. मातीच्या भिंतींचा पाया त्याने उघडा पडतो. जागाच नसल्यास काटकोनात वळणारा जिना बरा. डावे-उजवे पाऊल एकाआड ठेवण्याच्या पायऱ्यांचा जिना वृद्धांच्या घरात टाळावा.

पायऱ्यांची उंची सारखी असणे चढाइतकेच महत्त्वाचे आहे. तळघरात नंतर शहाबादी फरशी घातली की शेवटची पायरी तीन-चार सेंमी.ने आखूड होते, आणि नेमकी तेथेच अंधारात पावलाची चूक होते. फरशीची जाडी धरूनच सर्व टप्पे आखावेत. कठडा निदान एका बाजूला, सुमारे 90 सेंमी. उंचीवर व अखंड असावा. दिव्याची बटणे वर आणि खाली दोन्हीकडे असावीत. न हलवता येणाऱ्या तुळईच्या कडेला काथ्याची गादी व पिवळा पट्टा लावतात.

पूर्व विदर्भातील धानपट्ट्यात, भूजल उथळ असल्याने, कवेलूच्या (कौलारू) घरांना तळघर क्वचितच असते.