ही जाहिरात कोणाची?

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईतले एक मोठे जाहिरातकार, पीयूष पांडे, वारले. आमच्या तालुक्यातल्या कास्तकारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एरवी कापसाचा भाव आणि पावसाचा अंदाज एवढंच येतं. त्या दिवशी तिथेही त्यांचा झुपकेदार मिशांचा फोटो फिरत होता. बहुतेकांना नाव त्याच दिवशी कळलं. कामं मात्र कधीचीच तोंडपाठ होती.

मुनादीचा काळ सोडून देऊ. कोतवाल डफ वाजवून जे सांगायचा ते सरकारचं असायचं, आणि ते कुणी रचलं हे विचारायची सोय नव्हती. विकणाऱ्याची भाषा गावात शिरली ती रेडिओवाटे. विविध भारतीवर व्यापारी जाहिराती सुरू झाल्या १ नोव्हेंबर १९६७ ला, मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवरून. म्हणजे एरवी सगळं उशिरा मिळणारा विदर्भ इथे पहिल्या पंगतीला बसला. दूरदर्शनने १९७६ मध्ये जाहिराती घेतल्या, पण गावात टीव्ही यायला पुढे बरीच वर्षं गेली. तोवर जाहिरात डोळ्यांनी पाहायची ती एसटी स्टँडजवळच्या भिंतीवर.

ती भिंत पेंटरची. आधी चुन्याचा हात, मग दोरीने मारलेल्या रेघा, मग ऑइलपेंट. खत, बियाणं, बिडी, सिमेंट, कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण, सगळं एकाच वळणात. मुंबईत कुणीतरी घडवलेली ओळ डीलरकडून कागदाच्या चिटोऱ्यावर यायची. पेंटर ती उतरवायचा आणि खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात स्वतःचं नाव टाकायचा, पुढे ‘आर्ट्स’. पानठेल्यावरचे पोट्टे म्हणायचे, ‘पेंटरनं काय लिहिलं बे!’

इथे खरी गुंतागुंत आहे. मराठीत ‘ही जाहिरात कोणाची?’ असं विचारलं की उत्तर येतं, कंपनीची. टीव्ही आल्यावर ती हिरोची झाली. षष्ठीच्या एकाच प्रत्ययात पैसे देणारा, पडद्यावर दिसणारा आणि भिंत रंगवणारा असे सगळे दाटीवाटीने बसतात. ती ज्याला सुचली त्याला तेवढी जागा उरत नाही. ‘जाहिरातदार’ म्हणजे पैसे मोजणारा आणि ‘जाहिरातकार’ म्हणजे जाहिरात करणारा. पण हे दोन शब्द बातम्यांतसुद्धा इतक्या वेळा एकमेकांच्या जागी वापरले गेलेत, की वाचणाऱ्याला दोघं एकच वाटावेत. जाहिरातीवर सही न करणं हा तर धंद्याचाच रिवाज: कंपनीने पैसे मोजले की ओळ कंपनीची. माणूस पुढे आला तर माल मागे पडतो, असं त्याचं समर्थन करतात. असेल. पण मग पेंटरच्या सहीमुळे आजवर कोणत्या खताचं पोतं कमी खपलं, तेही सांगावं.

या रिवाजाला गावापुरता तडा गेला तो त्या मिशीवाल्या गृहस्थांमुळेच, तोही सावकाश. मूळचे जयपूरचे, राजस्थानकडून रणजी खेळलेले, काही काळ चहाची चव पारखायची नोकरी केलेले. १९८८ च्या स्वातंत्र्यदिनी दूरदर्शनवर आलेल्या ‘मिले सुर मेरा तुम्हारा’चे हिंदी बोल त्यांचे, तेव्हा आमच्याकडे गायक आणि खेळाडू ओळखण्याची पैज लागायची, बोलांचं कुणी विचारलं नाही. मग पांढऱ्या गोंदाची जाहिरात आली. वाळवंटातल्या रस्त्यावर माणसांनी लगडलेली बस, खड्डे, धक्के, आणि एकही जण खाली पडत नाही. शब्दांवाचून कळण्यासारखी, त्यामुळे भाषांतराची भानगड नाही. काळी-पिवळीच्या टपावर बसून बाजाराला जाणाऱ्यांना ती परक्या मुलखातली वाटलीच नाही. अजूनही जीप गच्च भरली की कुणीतरी त्या गोंदाचं नाव घेतंच.

पोलिओच्या ‘दो बूँद’वाल्या ओळीचंही श्रेय त्यांच्याकडेच जातं. आमच्या भिंतींवर ती हिंदीतच आली, पुढे ‘जिंदगी’नंतर कुठे ‘की’, कुठे ‘के’, पेंटरला जसं ऐकू आलं तसं. ती मराठीत का केली नाही, असं विचारणारे आहेत. अर्ध्या बोलण्यात हिंदी मिसळणाऱ्या वऱ्हाडात तिने कुणाचं अडलं नाही, हेही तितकंच खरं. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला; मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. ओळ भिंतींवर त्यानंतरही राहिली. लिहिणाऱ्याला २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा पेपरात ओळी आणि माणूस शेजारी-शेजारी छापून आले.

तोवर फ्लेक्सने पेंटरला घरी बसवलं होतं. फ्लेक्सच्या दुकानांतून आता एक नवाच शब्द गावात आलाय. मुंबईच्या एजन्सीत ‘क्रिएटिव्ह’ म्हणजे माणूस, कल्पना लढवणारा. आमच्याकडे ‘क्रिएटिव्ह’ म्हणजे वाढदिवसाचं, पोळ्याच्या शुभेच्छांचं किंवा श्रद्धांजलीचं चित्र, मोबाइलवर पाठवायचं. ‘भाऊ, एक क्रिएटिव्ह बनवून द्या’ म्हटलं की दहा मिनिटांत हातात.

ग्रुपवर आलेला तो मिशांचा फोटोही असंच एक क्रिएटिव्ह होतं. खाली उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, तालुक्याच्या फ्लेक्सवाल्याचं नाव होतं.