यलोनाइफच्या खाणी आणि दूरची गिऱ्हाइके

कॅनडाच्या उत्तरेकडील नॉर्थवेस्ट टेरिटरीज, म्हणजे वायव्य प्रदेशातील हिऱ्यांच्या खाणी एकामागून एक उतरणीला लागल्या आहेत. डायव्हिक खाणीतील उत्पादन 2026 च्या पहिल्या तिमाहीत थांबवण्याचे रिओ टिंटो कंपनीने बरेच आधी जाहीर केले होते. एकाटी खाणीच्या मालक कंपनीने 2025 च्या उन्हाळ्यात पॉइंट लेक येथील उघड्या खाणीचे काम थांबवून कामगार कमी केले, आणि डी बिअर्सची स्नॅप लेक खाण तर 2015 च्या डिसेंबरमध्येच बंद पडली. महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठ्या असलेल्या या प्रदेशात 2021 च्या जनगणनेनुसार जेमतेम 41 हजार माणसे राहतात आणि त्यांतली निम्मी एकट्या यलोनाइफ या राजधानीत. इतक्या विरळ वस्तीत एक मोठी खाण बंद झाली की विमानसेवा, ट्रकवाहतूक, हॉटेले आणि सरकारी तिजोरी अशा सगळ्यांनाच ते जाणवते. मात्र ही केवळ हिरे बाजारातली मंदी आहे असे मानले, तर तिच्यामागचा जुना इतिहास नजरेआड होतो. फर, रेडियम, सोने, जस्त आणि आता हिरे, या प्रत्येक मालाचे गिऱ्हाईक हजारो किलोमीटर दूर होते, आणि धंदा चालणार की बसणार हे बहुधा तिकडेच ठरत आले. काळानुसार बदलत गेले ते एवढेच, की खाण बंद पडल्यावर मागे काय उरते आणि ते निस्तरायचे कोणी.

फरचा काळ येथे थोडक्यात सांगितला तरी पुरे. अलेक्झांडर मॅकेंझी 1789 मध्ये ज्या नदीने आर्क्टिक महासागरापर्यंत गेला, त्या नदीच्या काठाने पुढे व्यापारी ठाणी उभी राहिली. डेने या तेथल्या आदिवासी समाजाच्या शिकाऱ्यांनी कातडी आणायची आणि बदल्यात बंदूक, दारूगोळा, चहा, कापड उधारीवर न्यायचे, असा तो व्यवहार होता. युरोपात टोप्यांची फॅशन बदलली की येथल्या बीव्हर या प्राण्याच्या कातडीचा भाव उतरत असे. जमिनीत मात्र कोणाला रस नव्हता, आणि कॅनडाच्या सरकारलाही तो खनिजे दिसू लागल्यावरच आला. क्लोन्डाइकच्या सोन्यामुळे उत्तरेकडे माणसांची रीघ लागली तेव्हा, 1899 मध्ये, सरकारचा आदिवासींशी आठव्या क्रमांकाचा करार झाला. नॉर्मन वेल्स येथे 1920 मध्ये तेल लागले आणि लगेच पुढच्या वर्षी अकराव्या क्रमांकाचा करार झाला. या करारांनी जमीन सरकारला दिली गेली असे सरकार म्हणत राहिले, तर आपण केवळ सलोख्याचे वचन दिले होते असे डेने वडीलधारे सांगत राहिले. हा वाद पन्नास वर्षांनी न्यायालयात गेला आणि उद्योगाचे स्वरूप बदलण्यास कारण झाला.

पहिली मोठी खाण ग्रेट बेअर सरोवराच्या पूर्व किनाऱ्यावर निघाली. गिल्बर्ट लाबाइन याला 1930 मध्ये तेथे पिचब्लेंड, म्हणजे रेडियम आणि युरेनियम असलेले धातुक, सापडले आणि पोर्ट रेडियमची वसाहत उभी राहिली. कर्करोगावरील उपचारांसाठी रेडियमला तेव्हा अफाट भाव होता. भाव कोसळल्यावर 1940 मध्ये खाण बंद झाली आणि दोनच वर्षांत युरेनियमसाठी पुन्हा उघडली, कारण अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पाला ते हवे होते. धातुकाची पोती बोटींवर चढवण्या-उतरवण्याचे काम सहतू डेने पुरुषांनी केले. त्या मालाचे पुढे काय होते आणि त्याच्या धुळीत काय असते, हे त्यांना कोणी सांगितले नाही. डेलिने गावातील डेने लोकांचे एक शिष्टमंडळ 1998 मध्ये हिरोशिमाला जाऊन तेथील लोकांची क्षमा मागून आले. ज्यांनी ही क्षमा मागायला हवी होती त्यांची यादी बरीच मोठी आहे, आणि त्या यादीत हमाली करणारे बरेच खाली येतील, असे मात्र म्हणावेसे वाटते.

यलोनाइफ हे शहर सोन्याने वसवले. कॉन खाणीत 1938 मध्ये सोन्याची पहिली वीट ओतली गेली आणि 1948 मध्ये जायंट खाण सुरू झाली. सोन्याचा भाव औंसाला 35 डॉलरवर बांधलेला असल्याने खर्च भागेना, तेव्हा केंद्र सरकारने 1948 पासून सोन्याच्या खाणींना अनुदान देऊन त्या चालत्या ठेवल्या. जायंट खाणीची कथा जरा थांबून सांगायला हवी, कारण पुढे हिऱ्यांच्या खाणींना ज्या अटी लागल्या त्यांचे मूळ बरेचसे तिच्यात आहे. येथले सोने आर्सेनोपायराइट या खनिजात अडकलेले असते. ते मोकळे करायचे तर धातुक भट्टीत भाजावे लागते आणि भाजताना आर्सेनिक ट्रायऑक्साइडची पांढरी भुकटी धुराबरोबर बाहेर पडते. पहिली काही वर्षे ती सरळ धुराड्यातून आसमंतात जात होती. माणसे बर्फ वितळवून पाणी पीत होती, आणि 1951 मध्ये शेजारच्या वस्तीतील यलोनाइव्ह्ज डेने समाजातले एक मूल त्या विषाने दगावले. त्यानंतर धुराड्यावर गाळणी बसवली गेली आणि साठणारी भुकटी जमिनीखालच्या मोकळ्या कप्प्यांत भरली जाऊ लागली. जमीन कायमची गोठलेली आहे, तेव्हा ती तिथेच राहील, असा हिशेब होता. खाणीच्या कामाने ती जमीनच उबदार झाली.

संप आणि टाळेबंदी चालू असताना 18 सप्टेंबर 1992 रोजी याच खाणीत घडवून आणलेल्या स्फोटात नऊ कामगार ठार झाले. मालक कंपनीचे 1999 मध्ये दिवाळे निघाले. मागे उरलेली 2 लाख 37 हजार टन आर्सेनिक ट्रायऑक्साइडची भुकटी सरकारच्या, म्हणजे करदात्यांच्या गळ्यात पडली. ती बाहेर काढणे अधिक धोक्याचे ठरवून आता कप्प्यांभोवती उभ्या नळ्या पुरून जमीन पुन्हा गोठवण्याचे काम चालले आहे. या नळ्यांतील वायू हिवाळ्यात वरच्या थंडीने द्रवरूप होऊन खाली उतरतो, खालची उष्णता घेऊन वायुरूपात वर येतो, आणि हे चक्र विजेशिवाय चालते. साऱ्या सफाईचा खर्च 2022 च्या अंदाजानुसार 4 अब्ज कॅनेडियन डॉलरहून अधिक आहे, आणि तो झाल्यावरही देखरेख कायमची करावी लागणार आहे.

यलोनाइफ ज्याच्या उत्तर काठावर आहे त्या ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या दक्षिणेला पाइन पॉइंट येथे 1964 मध्ये शिसे आणि जस्ताची खाण सुरू झाली. तिच्यासाठी केंद्र सरकारने रेल्वे आणली, टॉल्ट्सन नदीवर जलविद्युत केंद्र बांधले, शाळा-बाजारासह नवे गाव वसवले. खाण 1988 च्या सुमारास संपली तेव्हा गाव मोडून घरे उचलून नेण्यात आली. टॉल्ट्सनची वीज तेवढी राहिली. पण ती सरोवराच्या दक्षिणेला, आणि पुढच्या खाणी निघाल्या उत्तरेला. दोन्ही बाजूंना जोडणारी तार अजून नाही, त्यामुळे एका काठाला शिलकी वीज आणि दुसऱ्या काठाच्या खाणींवर डिझेलचे जनित्र, अशी स्थिती कित्येक दशके चालली आहे.

जमिनीचा वाद न्यायालयात गेला तो 1973 मध्ये. न्यायमूर्ती विल्यम मॉरो यांनी डेने वडीलधाऱ्यांच्या साक्षी त्यांच्या गावी जाऊन नोंदवल्या आणि करारांनी जमिनीवरील हक्क खरोखर संपला काय याविषयी शंका घेण्यास जागा आहे, असा निष्कर्ष काढला. तो निकाल पुढे तांत्रिक कारणावरून टिकला नाही, पण वारे बदलले ते बदललेच. मॅकेंझी खोऱ्यातून नैसर्गिक वायूची नळवाहिनी नेण्याची योजना तेव्हा जोरात होती. तिच्या चौकशीसाठी 1974 मध्ये नेमलेल्या थॉमस बर्गर यांनी पस्तीस वस्त्यांत सुनावण्या घेतल्या आणि जमिनीचे दावे मिटेपर्यंत दहा वर्षे नळवाहिनी नको, अशी शिफारस 1977 मध्ये केली. पुढे इनुव्हिआलुइट, ग्विचिन, सहतू आणि टिल्चो या लोकांशी एकेक करार होत गेले. नळवाहिनी मात्र झालीच नाही: बऱ्याच काळाने 2011 मध्ये तिला परवानगी मिळाली तेव्हा दक्षिणेत शेल खडकातला वायू स्वस्त झाला होता, आणि 2017 मध्ये कंपन्यांनी ती योजना सोडून दिली.

हिरे सापडले ते या बदललेल्या हवेत. चार्ल्स फिप्के आणि स्ट्युअर्ट ब्लुसन हे दोघे भूवैज्ञानिक जवळजवळ दशकभर, हिमनद्यांनी पश्चिमेकडे वाहून नेलेल्या, हिऱ्यांसोबत आढळणाऱ्या गार्नेटसारख्या खनिजांचा माग उलट दिशेने काढत, लॅक द ग्रा सरोवरापाशी पोहोचले. तेथे हिरे लागल्याची घोषणा नोव्हेंबर 1991 मध्ये झाली आणि जागा अडवण्यासाठी कॅनडाच्या इतिहासातली सर्वांत मोठी झुंबड उडाली. एकाटी खाण 1998 मध्ये, डायव्हिक 2003 मध्ये, स्नॅप लेक 2008 मध्ये आणि गाचो कुए 2016 मध्ये सुरू झाली. एकाटीला परवानगी देण्यापूर्वी केंद्रीय मंत्र्यांनी 1996 मध्ये कंपनी आणि आदिवासी समाज यांना लाभकराराच्या वाटाघाटींत समाधानकारक प्रगती दाखवण्यासाठी साठ दिवसांची मुदत दिली. सोन्याच्या काळात असे काही कोणाच्या मनातही आले नसते. स्थानिकांना नोकऱ्या, आदिवासींच्या मालकीच्या कंपन्यांना कंत्राटे, पर्यावरणावर नजर ठेवणारी स्वतंत्र संस्था आणि खाण बंद करण्याच्या खर्चापोटी आगाऊ तारण, या गोष्टी नेहमीच्या झाल्या. टिल्चो आणि यलोनाइव्ह्ज डेने यांच्या कंपन्या वाहतूक, खानपान, बांधकाम अशा कामांत चांगल्या वाढल्या. त्यांचाही मोठा ग्राहक अखेर खाणच होता, हा या व्यवस्थेतला कच्चा दुवा.

या खाणींपर्यंत बारमाही रस्ता नाही. माणसे विमानाने जातात, दोन आठवडे राबून दोन आठवडे घरी येतात. डिझेल, सिमेंट, स्फोटके, यंत्रांचे सुटे भाग असा वर्षभराचा अवजड माल मात्र जानेवारीअखेरपासून मार्चअखेरपर्यंत, गोठलेल्या सरोवरांवरून काढलेल्या रस्त्याने न्यावा लागतो. या रस्त्याचा बहुतेक भाग बर्फावर असतो. लादलेला ट्रक तासाला 25 किलोमीटरच्या वर पळवायचा नाही असा दंडक आहे, कारण वजनाने बर्फ किंचित दबतो, खालच्या पाण्यात लाट उठते, आणि ट्रक जोरात असेल तर ती काठावर आपटून परतताना बर्फ फोडते. त्यामुळे ट्रक तीन-चारच्या तांड्याने, मध्ये अंतर ठेवून सोडले जातात. बर्फ मीटरभराहून जाड झाल्याखेरीज पूर्ण भार नेता येत नाही. हिवाळा उबदार गेल्याने 2006 मध्ये रस्ता लवकर बंद करावा लागला आणि उरलेला माल विमानाने नेण्यासाठी कंपन्यांना भरमसाट पैसे मोजावे लागले. पुढे 2023 च्या उन्हाळ्यात वणव्यांमुळे सारे यलोनाइफ रिकामे करावे लागले, आणि मॅकेंझी नदीचे पाणी इतके उतरले की बार्ज वाहतुकीचाही भरवसा उरला नाही.

नुसता कच्चा माल बाहेर पाठवायचा नाही, पैलूही येथेच पाडायचे, असा प्रादेशिक सरकारचा आग्रह होता. उत्पादनातला काही भाग स्थानिक कारखान्यांसाठी राखून ठेवण्यात आला, सरकारने कर्जांना हमी दिली, आर्मेनियासारख्या देशांतून कारागीर आले, टिफनी या अमेरिकी दागिने कंपनीनेही कारखाना काढला. ध्रुवीय अस्वलाचे चिन्ह असलेला, खाणीपासून हिशेब ठेवलेला कॅनेडियन हिरा हा चांगला विकला जाईल असा अंदाज होता, आणि आफ्रिकेतल्या युद्धांशी जोडलेल्या हिऱ्यांची चर्चा चालू असताना तो काही प्रमाणात खराही ठरला. पण सुरतेतल्या मजुरीपुढे यलोनाइफची मजुरी टिकणे अशक्य होते. बहुतेक कारखाने बंद पडले आणि बहुतांश कच्चा माल अँटवर्पच्या वाटेने भारताकडे वळला. जगातल्या दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ सुरतेत घडतात आणि त्यांच्या सौद्यांचे मोठे केंद्र 2010 पासून मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्स आहे. पूर्वी ही उलाढाल ऑपेरा हाउस परिसरात चालत असे.

याच सुरतेतून धक्काही आला. यंत्रात वाढवलेला लॅबग्रोन हिरा रासायनिकदृष्ट्या खाणीतल्या हिऱ्यासारखाच असतो आणि साध्या डोळ्यांनी वेगळा ओळखता येत नाही. चीन आणि भारत यांनी त्याचे उत्पादन झपाट्याने वाढवले. भारत सरकारने 2023 च्या अर्थसंकल्पात तो ज्यांच्यावर वाढवतात त्या बीजांवरील आयातशुल्क काढून टाकले आणि आयआयटीला संशोधनासाठी अनुदान दिले. त्याच वर्षी जूनमध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या तत्कालीन राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला साडेसात कॅरटचा लॅबग्रोन हिरा भेट दिला. अमेरिकेतले साखरपुडा करणारे तरुण स्वस्त आणि मोठ्या खड्याकडे वळले, चीनमधली मागणीही मंदावली, आणि खाणीतल्या हिऱ्यांचे भाव घसरले. गाचो कुएत 51 टक्के वाटा असलेल्या डी बिअर्सने 2018 मध्ये स्वतःच लॅबग्रोन दागिने कॅरटला 800 डॉलरच्या दराने विकायला काढून दोन प्रकारच्या हिऱ्यांत अंतर राखण्याचा प्रयत्न केला होता. तो धंदा 2025 मध्ये गुंडाळावा लागला. घसरलेल्या भावाची झळ सुरतेतल्या कारागिरांनाही बसली, त्यांचे पगार आणि कामाचे दिवस दोन्ही कमी झाले. डायव्हिकचा साठाच संपत आला होता, त्यामुळे ती ठरल्या वेळी बंद होणारच होती. भावाचा खरा घाव एकाटीसारख्या, अजून साठा शिल्लक असलेल्या खाणींवर पडला.

आता प्रादेशिक सरकारची भिस्त महत्त्वाच्या खनिजांवर आहे. यलोनाइफजवळच्या नेचालाचो येथे 2021 मध्ये दुर्मीळ मृदा धातूंचे उत्खनन सुरू झाले, पण प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याचे गणित न जमल्याने ते लवकरच थांबले. लिथियमचा शोध चालू आहे, पाइन पॉइंट पुन्हा उघडण्याचे प्रयत्न चालू आहेत. टॉल्ट्सनची वीज सरोवर ओलांडून आणणे आणि हिऱ्यांच्या पट्ट्यात बारमाही रस्ता नेणे या दोन योजनांसाठी केंद्र सरकारकडे पाठपुरावा होत आहे. हे दोन्ही प्रस्ताव जुनेच आहेत, पण त्यांची निकड वाढली आहे, कारण बर्फावरच्या रस्त्याचा खर्च आजवर खाणी आपसांत वाटून घेत आल्या. डायव्हिक त्यातून बाहेर पडल्यावर तोच खर्च उरलेल्या दोघींनी उचलायचा आहे, आणि त्याही बंद झाल्या तर त्या बाजूला सोने किंवा लिथियम शोधणाऱ्या छोट्या कंपन्यांना तो रस्ता स्वतःच्या पैशाने काढता येणार नाही.