पिल्लाच्या आतड्यातली पहिली वस्ती

अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाचे आतडे जवळजवळ निर्जंतुक असते. आईच्या पंखाखाली वाढणारे पिल्लू तिच्या विष्ठेतून, पिसांवरून आणि तिने उकरलेल्या मातीतून नाना प्रकारचे जिवाणू पहिल्या दिवसापासून टिपू लागते. हॅचरीत उबवलेल्या ब्रॉयलर पिल्लाची आईशी गाठच पडत नाही. त्याच्या आतड्यात कोण वस्तीला येणार हे खोकी, वाहतूक, शेडमधले तूस आणि पहिले खाद्य यांवर ठरते.

हे किती निर्णायक आहे, ते फिनलंडमध्ये दिसून आले. तेथे १९७१ साली ब्रॉयलर कोंबड्यांत साल्मोनेला इन्फँटिस या जिवाणूची मोठी साथ पसरली होती. एस्को नुर्मी आणि मार्याट्टा रांताला यांनी निरोगी प्रौढ कोंबड्यांच्या आतड्यातील द्रव्य नवजात पिल्लांना पाजले आणि त्यानंतर त्यांना मुद्दाम साल्मोनेला दिला. ज्यांना ते द्रव्य मिळाले होते त्यांतील बहुतेक पिल्ले संसर्गापासून वाचली. १९७३ साली हे संशोधन ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. एसटीत आधीच रुमाल पडलेल्या जागेवर दुसऱ्याला बसता येत नाही, तसे आधी स्थिरावलेले जिवाणू आतड्याचे अस्तर आणि तिथले अन्न व्यापतात आणि आम्ले तयार करून नवागताचे जगणे अवघड करतात.

या वस्तीचा सर्वांत दाट भाग लहान आतड्याच्या शेवटी असलेल्या दोन बंद टोकांच्या नळ्यांत, म्हणजे सीकांमध्ये असतो. शेडमध्ये पांढऱ्या टोपीच्या नेहमीच्या विष्ठेखेरीज अधूनमधून गडद तपकिरी, चिकट विष्ठा दिसते, ती या सीकांतली. कोंबडीला स्वतःला न पचणारे तंतुमय पदार्थ येथील जिवाणू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी आम्ले तयार होतात. ब्युटिरेट हे आतड्याच्या अस्तरातील पेशींचे इंधन आहे.

खाद्यात अल्प मात्रेत प्रतिजैविके मिसळली की कोंबड्या लवकर वजन धरतात, हे १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात लक्षात आले आणि ही पद्धत जगभर रुजली. त्यातून औषधांना न जुमानणारे जिवाणू निर्माण होऊ लागले. स्वीडनने १९८६ साली वाढीसाठीची प्रतिजैविके बंद केली, तर १ जानेवारी २००६ पासून संपूर्ण युरोपीय संघाने ती थांबवली. भारतात २०१९ साली कोलिस्टिन या माणसांसाठी अखेरचा आधार असलेल्या औषधाचा पशुपालनातील वापर बंद करण्यात आला. हे निर्णय आवश्यकच होते, असे माझे स्पष्ट मत आहे. पण औषध काढून घेतले आणि बाकी सारे तसेच ठेवले, तर कोंबडीचे हाल होतात.

याचे कारण त्या औषधांमुळे दबून राहणारा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स. हा जिवाणू निरोगी कोंबडीच्या आतड्यातही थोड्या संख्येने असतो आणि एरवी उपद्रव देत नाही. त्याला संधी मिळते ती बहुधा खाद्यातून. गहू, सातू आणि राय यांतील विद्राव्य तंतू पाण्यात फुगून आतड्यातला ऐवज बुळबुळीत करतात. अन्न पुढे सरकण्यास वेळ लागतो, पचन अर्धवट राहते आणि उरलेली प्रथिने या जिवाणूच्या वाट्याला येतात. मासळीचे खाद्य जास्त असेल तर त्यात भरच पडते. मग नेक्रोटिक एन्टरायटिस, म्हणजे आतड्याचे अस्तर मृत होत जाणारा रोग होतो: शवविच्छेदनात लहान आतडे वायूने फुगलेले, भिंत पातळ झालेली आणि आतून टर्किश टॉवेलसारखा खरखरीत पिवळसर थर चढलेला दिसतो. मका आणि सोयापेंडीवर आधारलेल्या खाद्यात हा बुळबुळीतपणा बराच कमी असतो. जेथे गहूच मुख्य धान्य आहे, तेथे झायलनेज हे विकर मिसळून ते तंतू तोडले जातात. काही ठिकाणी अख्खा गहूही देतात, कारण तो भरडताना कोंबडीचा गिझर्ड, म्हणजे अन्न दळणारे स्नायुमय जठर, बळकट होतो आणि अन्न नीट दळले जाऊनच पुढे जाते.

दुसरी अडचण रक्ती हगवणीची. आयमेरिया हे परजीवी आतड्याच्या पेशी फोडतात आणि त्यातून झिरपणारी प्रथिने पुन्हा क्लॉस्ट्रिडियमलाच पोसतात. त्यांना रोखणारी मोनेन्सिनसारखी आयनोफोर औषधे युरोपात या परजीवींविरुद्धचा खाद्यपूरक घटक म्हणून चालतात, पण अमेरिकेत त्यांची गणना प्रतिजैविकांत होते. त्यामुळे ‘प्रतिजैविकमुक्त’ या एकाच शब्दाखाली दोन्हीकडे वेगवेगळे संगोपन चालते. आयनोफोरही वर्ज्य असतील, तर हॅचरीतच पिल्लांवर याच परजीवींची जिवंत लस फवारतात. लशीतले परजीवी पहिले काही आठवडे आतड्यात सौम्य इजा करतातच. म्हणून नेमक्या त्या काळात खाद्यातील प्रथिने सहज पचणारी आणि बेताची ठेवावी लागतात, आणि तूस कोरडे राहील याकडे रोज लक्ष द्यावे लागते, कारण ओल्या तुसात परजीवींची अंडी झपाट्याने संसर्गक्षम होतात.