वलयी रेणू मागवताना: रिंग कुठे जोडायची आणि पॅलेडियम कुठे थांबवायचे

मागणीनुसार रेणू बनवून देणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेकडे येणाऱ्या बहुतेक मागण्यांसोबत रेणूची आकृती, लागणारे वजन आणि शुद्धतेची अट एवढेच येते. साध्या रेणूला तेवढे पुरते. रिंग, म्हणजे अणूंचे बंद वलय, असलेल्या रेणूला, विशेषतः मोठी रिंग असेल तर, ते पुरत नाही. रिंग पूर्ण झाल्यावर तिच्यातले सगळे बंध सारखेच दिसतात. पण बनवताना त्यातला कोणता तरी एक शेवटी जोडावा लागतो. तो कोणता, यावर कामाचे दिवस, खर्च आणि हाती येणारे वजन ठरते. ही निवड आपल्याशी बोलून करावी असा आमचा आग्रह असतो. त्या बोलण्याआधी वाचण्यासाठी हे पत्रक आहे.

औषधांच्या रेणूंत रिंग इतक्या का असतात? लवचीक साखळी द्रावणात सतत आकार बदलत असते. प्रथिनाच्या खोबणीत बसायचे तर तिला एका आकारात थांबावे लागते आणि त्यासाठी ऊर्जेची किंमत मोजावी लागते. रिंगने ती किंमत बऱ्याच अंशी आधीच मोजलेली असते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मान्यता दिलेल्या लहान रेणूंच्या औषधांची एक पाहणी 2014 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या 59 टक्के औषधांत नायट्रोजन असलेली रिंग होती.

पॅलेडियम नेमके काय करते

पॅलेडियम हा धातू इथे उत्प्रेरक असतो, म्हणजे स्वतः न संपता अभिक्रिया घडवून आणतो. कार्बन आणि ब्रोमीन किंवा आयोडीन यांच्यातल्या बंधात शून्य अवस्थेतला (विद्युतभार नसलेला) पॅलेडियमचा अणू शिरतो. मग तो दुसरा जोडीदार स्वतःवर घेतो, दोघांना एकमेकांशी जोडतो आणि मोकळा होऊन पुढच्या फेरीला लागतो. म्हणून तो थोडासाच लागतो. या जोडण्यांसाठी हेक, नेगिशी आणि सुझुकी यांना 2010 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. कार्बन–नायट्रोजन बंधासाठी आम्ही बुखवाल्ड–हार्टविग पद्धत वापरतो. दोन्ही टोके एकाच रेणूवर असली की याच जोडण्या रिंग बंद करतात.

लहान रिंगसाठी मार्ग बरेच रुळलेले आहेत. इंडोल (बेंझीनला जोडलेली, नायट्रोजन असलेली पाच अणूंची रिंग) हवे असेल तर 1991 ची लॅरॉक पद्धत पाहा: ऑर्थो-आयोडोअ‍ॅनिलीन आणि अल्काइन (तिहेरी बंध असलेला रेणू) एकाच फ्लास्कमध्ये घेतले की रिंगचे दोन्ही नवे बंध तिथेच तयार होतात. अल्काइनची दोन टोके वेगळी असतील तर जाडजूड गट बहुधा नायट्रोजनशेजारच्या 2 क्रमांकावर जातो. तिथे सिलिकॉनचा सिलिल गट बसवला तर पुढे तो काढता येतो किंवा त्या जागी आयोडीन आणता येते. तुमच्या मालिकेत 2 क्रमांकावरचा गट बदलत राहणार असेल, तर ही सोय फार मोलाची आहे. पाच-सहा अणूंच्या रिंगमध्ये चारही बाजूंनी कार्बन जोडलेला कार्बन हवा असल्यास रेणूअंतर्गत हेक अभिक्रिया आमच्या पसंतीची. तिच्यात दुहेरी बंध जागा सोडून सरकू शकतो, त्यामुळे तिथला एनएमआर (रेणूतल्या अणूंची मांडणी दाखवणारी चाचणी) आम्ही बारकाईने तपासतो.

मोठी रिंग: सगळा प्रश्न द्रावकाचा

बारा-चौदा अणूंची रिंग बंद करताना रेणूचे एक टोक आपल्याच दुसऱ्या टोकाला भेटायला हवे. दाटी असेल तर ते शेजारच्या रेणूला भेटते आणि रिंगऐवजी जोड्या आणि लांब साखळ्या तयार होतात. उपाय एकच, द्रावण पातळ ठेवणे. हिशोब करून पाहा. रेणुभार 500 असेल तर 1 ग्रॅम म्हणजे 2 मिलिमोल. 2 मिलिमोलर (लिटरमागे 2 मिलिमोल) द्रावणासाठी 1 लिटर द्रावक लागतो. 100 ग्रॅमसाठी 100 लिटर. सिरिंज पंपाने पदार्थ तासन्‌तास थेंबथेंब सोडला तर कमी द्रावकात भागते, पण तितका वेळ उत्प्रेरक जिवंत राहायला हवा.

तो मरतो तेव्हा डोळ्यांनाच कळते. पिवळसर-नारिंगी द्रावण आधी गडद होते, मग फ्लास्कच्या आतल्या भिंतीवर काळी, आरशासारखी चकाकी धरते. हे पॅलेडियम ब्लॅक: अणू एकमेकांना चिकटून धातू बाहेर पडलेला असतो आणि त्यानंतर तापमान वाढवून फारसे काही साधत नाही. फॉस्फीन लिगंडला (पॅलेडियमला धरून सांभाळणाऱ्या फॉस्फरसच्या रेणूला) ऑक्सिजन सोसत नाही हे त्याचे एक मोठे कारण. म्हणून द्रावकातून आर्गॉन नीट फिरवून घेण्यात आम्ही घाई करत नाही.

म्हणून शेवटचा बंध निवडताना आम्ही तीन गोष्टी पाहतो. टोके आपसूक जवळ येतात का, हे पहिले. मधे अमाइड किंवा दुहेरी बंधाने योग्य वळण दिलेले असेल तर अर्धे काम झालेलेच असते. दुसरे, जोडीदार टिकाऊ आहे का. 2-पिरिडिल बोरॉनिक अ‍ॅसिडचे बोरॉन जोडणी होण्याआधीच गळून पडते. अशा ठिकाणी सुझुकीचा (बोरॉन असलेल्या जोडीदाराने होणारा) बंध दुसरीकडे नेणे शहाणपणाचे. तिसरे, रेणूत मोकळा थायॉल (गंधक-हायड्रोजनचा गट) किंवा धातूला पकडून ठेवणारा दुसरा गट आहे का. तो उत्प्रेरकाला अडकवून ठेवतो.

उरलेले पॅलेडियम

इथे खरी ओढाताण आहे. मोठी रिंग सहसा शेवटच्या टप्प्यांत बंद होते, म्हणजे धातूही शेवटीच आत येतो आणि तो धुऊन काढायला पुढे टप्पे उरत नाहीत. औषधांतल्या धातूंसारख्या अशुद्धींसाठीच्या आयसीएच क्यू3डी या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार पॅलेडियमची रोजची मर्यादा तोंडाने घ्यायच्या औषधात 100 मायक्रोग्रॅम, इंजेक्शनमध्ये 10 आणि श्वासावाटे घ्यायच्या औषधात 1 मायक्रोग्रॅम आहे. रोजचा डोस 1 ग्रॅम असेल तर तोंडाने घ्यायच्या औषधात हे प्रमाण 100 पीपीएम (दहा लाखांत 100 भाग) होते.

संशोधनाच्या सुरुवातीच्या नमुन्यांना हा नियम लागू नसला तरी धातू दुर्लक्षित करू नये. काही एन्झाइम चाचण्यांत रेणू काहीच करत नसतो, पण सोबत आलेला धातू एन्झाइम अडवतो आणि रेणू गुणकारी भासतो. त्या आकड्यावर पुढची सगळी मालिका आखली जाऊ शकते. म्हणून पहिल्या नमुन्यालाही थायॉल जोडलेल्या सिलिकाची किंवा सक्रिय कोळशाची प्रक्रिया करून घ्या, असे आम्ही सुचवतो. नमुना पांढराशुभ्र दिसला म्हणून धातू नाही असे मानू नये. आकडा आयसीपी-एमएस या धातू मोजणाऱ्या चाचणीचाच धरावा.

आपल्याकडून काय हवे

सर्वांत आधी, रेणूचा कोणता भाग पुढे बदलत राहणार आहे ते सांगा. रिंगबाहेरचा गट बदलणार असेल तर आम्ही रिंग लवकर बंद करून एकच सामाईक मध्यस्थ पदार्थ मोठ्या प्रमाणावर बनवतो. त्यावर एक क्लोरीन राखून ठेवता येतो, कारण योग्य लिगंड निवडला की ब्रोमीन आधी जातो आणि क्लोरीन पुढच्या जोडणीसाठी उरतो. रिंगच्याच आतला भाग बदलणार असेल तर ही मांडणी उपयोगाची नाही, प्रत्येक रेणूची रिंग वेगळी बंद करावी लागेल आणि अंदाजपत्रकही तसेच येईल. शिवाय नमुना कोणत्या चाचणीत जाणार, धातूची मर्यादा किती, त्रिमितीय रचना एकच हवी की मिश्रण चालेल आणि पुढे किती ग्रॅमपर्यंत जायचा विचार आहे, हेही कळवा.

नमुन्यासोबत एनएमआर, एलसी-एमएस (शुद्धता आणि रेणुभार तपासणारी चाचणी) आणि पॅलेडियमचा आकडा मिळेल. रिंग बंद करताना तपासलेले लिगंड, बेस आणि द्रावक यांची नोंदही सोबत असते, ज्यांनी काम दिले नाही त्यांच्यासकट.