जातीवरून पगार कमी, वर कामावरून काढलं: तक्रार कुठे, किती मुदतीत, कोणत्या कागदांवर

चोपडा तालुक्यातल्या एका पाड्यावरचा पावरा आदिवासी मुलगा माझ्याकडे आला, तेव्हा त्याच्या हातात शंभर पानी वही होती. जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात तो ठेकेदारामार्फत कामाला होता. वहीत रोजची तारीख, पाळी, जादा तास, घेतलेली उचल, सगळं निळ्या पेनाने लिहिलेलं. शेवटच्या पानावर एकच ओळ होती: ‘त्यांना 450, मला 350.’ मशीन तेच, पाळी तीच. सुपरवायझर त्याला नावाने हाक मारत नसे, जमातीच्या नावाने मारी, आणि त्यापुढे शिवी. पगार का कमी, असं विचारल्यावर चौथ्या दिवशी गेटवरच सांगितलं, ‘उद्यापासून येऊ नको.’

त्याने सगळं एकाच अर्जात लिहून पोलीस ठाण्यात दिलं. तिथे सांगितलं, पगाराचं कामगार ऑफिसात जा. कामगार ऑफिसात सांगितलं, शिवीगाळीचं पोलिसांत जा. दोन महिने असेच गेले. म्हणून पहिली गोष्ट हीच सांगतो: अन्याय एक असला तरी अर्ज तीन करायचे. कमी दिलेल्या पगाराचा वेगळा, कामावरून काढल्याचा वेगळा आणि जातीवरून केलेल्या अपमानाचा वेगळा.

असं का, ते समजून घ्या. अमेरिकेत 1964 च्या नागरी हक्क कायद्याने वंश, रंग, धर्म, लिंग किंवा मूळ देश पाहून पगारात आणि नोकरीवरून काढण्यात भेद करायला खासगी मालकालाही मनाई आहे. तिथे आधी समान रोजगार संधी आयोगाकडे 180 दिवसांत, बऱ्याच राज्यांत 300 दिवसांत तक्रार करावी लागते आणि मग कोर्टाची वाट मोकळी होते. आपल्याकडे संविधानाचं कलम 16 सरकारी नोकरीला लागू आहे. खासगी कारखान्याला जात आणि पगार यांचा एकत्र जाब विचारणारा तसा एक कायदा नाही. वेतन संहितेतही पगारातल्या भेदाची मनाई लिंगापुरती आहे, जातीचा उल्लेख तिथे नाही. ही उणीव मला फार खटकते. पण असलेल्या तीन वाटा नीट वापरल्या तर हातात बरंच काही पडतं.

पगाराचा दावा

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. वेतन संहिता, 2019 च्या कलम 45 खाली कमी दिलेल्या किंवा बेकायदा कापलेल्या पगाराचा दावा करता येतो. मुदत तीन वर्षं. हा दावा साध्या कामगारापुरता नाही, सुपरवायझर किंवा मॅनेजरही करू शकतो. दावा खरा ठरला तर मूळ रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला, म्हणजे असे दावे ऐकायला सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला आहे. तीन महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा, असंही कायद्यात लिहिलं आहे.

सगळ्यात कामाचं आहे कलम 59. पगार पूर्ण दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते, कामगारावर नाही. आमच्या मुलाच्या बाबतीत ठेकेदाराने पगारपत्रक हजर केलं. त्यावर पूर्ण रक्कम दाखवलेली आणि समोर अंगठा. मुलाला सही येते, बँकेच्या पासबुकावर ती आहे. प्राधिकाऱ्याने दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले आणि त्या दिवशी सुनावणीचा रंगच पालटला.

इथे एक सल्ला देतो, कारण बरेच जण उलटं करतात. आधी तुमच्या उद्योगाचं आणि तुमच्या परिमंडळाचं (किमान वेतनासाठी सरकारने पाडलेल्या भागाचं) किमान वेतन किती, विशेष भत्ता धरून, ते पाहा. विशेष भत्ता महागाईप्रमाणे दर सहा महिन्यांनी बदलतो. तुमचा पगार त्याहून कमी असेल तर दावा त्याच पायावर उभा करा आणि जातीचा मुद्दा हकिकतीत लिहा. भेदभाव सिद्ध करायला माणसं लागतात, आणि साक्षीला उभी राहणारी माणसं त्याच गेटातून रोज आत जाणारी असतात. किमान वेतनापेक्षा कमी दिलं हे दाखवायला कागद पुरतो.

ठेकेदाराने हात वर केले तर? मूळ कंपनीही पगाराला बांधील आहे. त्यामुळे अर्जात ठेकेदार आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले करा, म्हणजे दोघांविरुद्ध दावा लावा. कामावरून काढल्यावर शिल्लक पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो, ‘हिशेब पुढच्या महिन्यात’ हे चालत नाही.

कामावरून काढल्याचा वाद

हा अर्ज मालक-कामगारांत तडजोड घडवणाऱ्या समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे व्यवहारात जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात द्यायचा. औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे अर्ज दिल्यापासून 45 दिवसांत तोडगा निघाला नाही तर कामगाराला थेट न्यायाधिकरणाकडे, किंवा आज ते काम पाहणाऱ्या कामगार न्यायालयाकडे जाता येतं. काढल्याच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत हे झालं पाहिजे. पूर्वी ही मुदत तीन वर्षांची होती. जुन्या माहितीवर विसंबून बसलेल्यांची तारीख हुकू शकते.

ही वाट ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यालाच आहे. हाताने, कौशल्याने, तांत्रिक किंवा कारकुनी काम करणारा त्यात येतो. मॅनेजर येत नाही, आणि 18,000 रुपयांहून जास्त मासिक वेतन घेणारा सुपरवायझरही येत नाही. भुसावळला रेल्वेत किंवा रेल्वेच्या ठेक्यावर असाल तर अर्ज केंद्राच्या कामगार यंत्रणेकडे करावा लागतो, राज्याच्या नाही.

अर्जात दोन शब्द जरूर यावेत: सूडबुद्धीने काढलं आणि काही कामगारांना झुकतं माप दिलं. संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीत या दोन्ही अनुचित कामगार प्रथा म्हणून नोंदलेल्या आहेत. खासगी कारखान्यातल्या जातीय भेदाला कामगार कायद्यात इथेच जागा सापडते. वर्षभर सलग काम झालं असेल आणि कामगार कपातीच्या नावाखाली काढलं असेल तर एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचं सरासरी वेतन हा हक्क आहेच.

राजीनामा लिहून घेतला असेल, किंवा नोकरीला लागतानाच कोऱ्या कागदावर सही घेतली असेल, तर एक दिवसही थांबू नका. त्याच दिवशी साध्या मराठीत पत्र लिहा: ‘माझी सही दबावाने घेतली आहे, मी राजीनामा दिलेला नाही, मी कामावर यायला तयार आहे.’ स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा. दोन महिन्यांनी लिहिलेल्या पत्रापेक्षा त्या दिवशीच्या चार ओळींना कितीतरी वजन असतं.

ॲट्रॉसिटीची फिर्याद

1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली फिर्यादी अनुसूचित जातीचा किंवा जमातीचा हवा आणि आरोपी या दोन्हींतला नसावा. बौद्ध समाज 1990 पासून अनुसूचित जातीत धरला जातो. चाळीसगाव, जामनेरकडच्या तांड्यांवरचे बंजारा बांधव मात्र महाराष्ट्रात विमुक्त जातीत येतात, त्यांना हा कायदा लागत नाही. वरच्या दोन वाटा त्यांनाही खुल्या आहेत.

जातीवाचक शिवी किंवा अपमान ‘लोकांना दिसेल अशा ठिकाणी’ झालेला असावा लागतो. बंद केबिनमध्ये दोघांतच झालेलं बोलणं कोर्टात टिकत नाही. म्हणून कुठे झालं, किती वाजता आणि कोण हजर होतं, हे फिर्यादीत नेमकं यावं: गेटवर, हजेरीच्या रांगेत, कॅन्टीनमध्ये. आणि शिवीचा शब्द जसाच्या तसा लिहा. लाजेपोटी ‘अर्वाच्य बोलला’ एवढंच लिहिलं की फिर्यादीतली हवाच जाते. इतरांना ज्या अटींवर काम देतात त्याच अटींवर केवळ जातीमुळे द्यायचं नाकारणं याला कायदा आर्थिक बहिष्कार म्हणतो. तोही गुन्हा आहे.

गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, हे 2018 च्या दुरुस्तीने स्पष्ट केलं आहे. ठाण्यात नोंद करत नसतील तर तीच फिर्याद पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा. एफआयआरची प्रत फुकट मिळते. तपास डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) दर्जाखालचा अधिकारी करू शकत नाही, आणि दोषारोपपत्रासह तपासाला 60 दिवस आहेत. अशा अपमानाच्या गुन्ह्यात फिर्यादीला सरकारकडून एक लाख रुपये अर्थसाहाय्य आहे: एफआयआरला पाव, दोषारोपपत्राला निम्मं, शिक्षा झाल्यावर उरलेलं पाव. अडलं तर 14566 ही हेल्पलाइन आहे.

कागद

आधार, बँकेचं पासबुक आणि जातीचा दाखला तर हवेतच. नेमणूकपत्र आणि पगाराची पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. दिलेली नसेल तर ‘मागूनही दिली नाही’ असं अर्जात लिहा. गेटपास, ओळखपत्र, ईएसआयसीचं कार्ड यांच्या झेरॉक्स जोडा. पीएफचं पासबुक फार बोलकं असतं. त्यात मालकाने कोणत्या पगारावर वर्गणी भरली ते दिसतं आणि नोकरीच्या तारखाही दिसतात. मोबाइलवरचे मेसेज, रेकॉर्डिंग पुसू नका, मोबाइल बदलला तरी जुना सांभाळा. कोर्टात त्यांच्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, ते वकील करून देईल. सोबत काम करणाऱ्या दोघा-तिघांचा पगार किती, हे त्यांच्या पावतीवरून कळलं तर उत्तम. महापालिकेच्या सफाई ठेक्यावर असाल तर दहा रुपयांचा माहितीचा अधिकार अर्ज करून हजेरीपट आणि पगारपत्रक मागवा. आणि वही. रोजच्या रोज लिहिलेली वही कुणी फालतू म्हणाला तर ऐकू नका.

वकिलाच्या फीला घाबरू नका. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, कोणतीही स्त्री आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या जिल्हा न्यायालयांत विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, फोन 15100. सरकारी, बँकेच्या किंवा सार्वजनिक उपक्रमाच्या नोकरीत असाल तर राष्ट्रीय अनुसूचित जाती किंवा जमाती आयोगाकडेही अर्ज करता येतो.

प्रत्येक अर्जाच्या तीन प्रती काढा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पत्ता गावचाच द्या, जिथे नोटीस घ्यायला घरचं कुणीतरी असेल. हंगामात सुरतेला किंवा ऊसतोडीला जाणार असाल तर जाण्याआधी संघटनेच्या माणसाला किंवा वकिलाला लेखी अधिकारपत्र देऊन ठेवा. दोन तारखा गैरहजर राहिलात तर अर्ज निकाली निघू शकतो. अधिकारपत्राची एक प्रत फाइलला लागलीच पाहिजे.